गाळलेली शंका

१

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातला शुक्रवार होता. कोलशेतच्या आमच्या करुणामाता विद्यापीठात चार वाजता फादर प्रशांत तुस्कानोंची चौकशी होती, आणि सकाळी अकरा वाजता तालमीच्या खोलीतलं कपाट उघडून ते उभे होते.

"वासंतीताई," ते म्हणाले, "वही नाही."

मी पेटीचा भाता सोडून उठले. वरच्या फळीवर टाळ होते, चिपळ्या होत्या, उदबत्तीचा पुडा होता. लाल कापडात बांधलेली कीर्तनाची वही मात्र नव्हती.

मी डोंबिवलीची वासंती आठल्ये. शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यापासून कीर्तनाला पेटीची साथ करते. विठोबाच्या दारात वाजवते तशी येशूच्या दारातही वाजवते. हरिकथा काय, ख्रिस्तकथा काय, बुवा तळमळीनं गायला लागले की माझी बोटं आपोआप पट्ट्यांवर जातात. फादर तर गळ्यानं असे गोड की नीतिशास्त्राचा तासही साकी गाऊन सुरू करतात. मुलं दाराबाहेर उभी राहून ऐकतात. आणि हेच काहींच्या डोळ्यांत सलतं.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी सभागृहात यहूदाचं आख्यान लावलं. येशूला पकडून देणारा, मग पश्चात्तापानं जीव देणारा यहूदा. त्याला देवाघरी जागा असेल का, हा विषय. कॅथलिक विद्यापीठात हा प्रश्न उघडपणे गाऊन विचारायचा म्हणजे गंमत नव्हे. पंधरा दिवसांत बिशपांच्या कचेरीत निनावी पत्र पोचलं: फादर खोटी शिकवण देतात. आज समिती बसणार होती. वही दाखवून आपण नेमकं काय शिकवलं ते सिद्ध करता आलं नाही, तर त्यांची शिकवण्याची परवानगी जाणार होती.

"दुसरी प्रत?"

"नाही. कुणी रेकॉर्डिंगही केलेलं नाही. मीच मोबाईल टोपलीत ठेवायला लावले होते ना." ते खुर्चीत बसले. "काल संध्याकाळपर्यंत वही इथंच होती. चार ओळी नव्या सुचल्या, शेवटच्या पानावर लिहिल्या आणि घरी गेलो. आता त्या ओळीही आठवत नाहीत. पायांचं काहीतरी होतं."

"चावी?"

त्यांनी खिळ्याकडं बोट दाखवलं. चावी तिथं टांगलेली असते, हे कँटीनच्या मांजरालाही ठाऊक आहे.

"पत्रात तरी काय लिहिलंय?" मी विचारलं.

"प्रत आजच सकाळी हातात पडली." त्यांनी घडी उलगडून माझ्यापुढं धरली. मी वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं.

"फादर, हे पत्र लिहिणाऱ्यानं तुमचं कीर्तन ऐकलेलंच नाही!"

२

कीर्तनात शंका असते. बुवा सिद्धान्त मांडतात आणि मागं उभा असलेला झीलकरी ओळ उचलता उचलता मधेच विचारतो, "पण बुवा, असं असेल तर तसं कसं?" मग बुवा उत्तराला उभे राहतात. शंका हे कीर्तनाचं मीठ. फादरांची रीत अशी, की वहीत फक्त उत्तरं लिहायची आणि शंका वेगळ्या कागदावर. तो कागद झीलकऱ्याकडं, एक प्रत पेटीवर माझ्याकडं. "शंका माझ्या वहीत असली की ती माझी पाळीव होते," असं ते म्हणतात. "ती समोरून यायला पाहिजे."

पत्रात तीन वाक्यं 'फादरांची शिकवण' म्हणून दिली होती. सगळं आधीच ठरलेलं होतं, तर यहूदाचा दोष काय? यहूदाला क्षमा, तर दहा आज्ञा कशाला? आणि तिसरं: ज्यांना गावानं कुंपणाबाहेर पुरलं, त्यांचं पाप मोठं की गावाचं?

ही शिकवण नव्हती, या शंका होत्या. आणि त्या दिवशी सभागृहात एकही शंका विचारली गेली नव्हती, कारण आमचा झीलकरी जयेश आलाच नव्हता. फादरांनी शंका सोडून आख्यान सरळ गाऊन संपवलं होतं. म्हणजे पत्र कागदावरून लिहिलं गेलं होतं, ऐकून नव्हे.

वह्या तपासण्यात माझा जन्म गेलाय. कुणी कुणाचं बघून लिहिलंय, ते मला वासानं कळतं.

जयेश भोईर वाचनालयात पुस्तकं लावत होता. कोलशेत गावठाणातला कोळी, चाळिशीचा, खाडीसारखा रुंद आवाज. भक्ती एकवीरेची आणि झील येशूची, असं स्वतःच हसून सांगणारा.

"शंकांचा कागद कुठंय तुझा?"

"हाय ना, बाय. पाकिटात." त्यानं घामेजलेली घडी काढली. मग माझ्या तोंडाकडं बघून तो थबकला. "काय झालं? माझ्यावर हाय का नाव?"

"त्या दिवशी आला का नाहीस?"

"फादरांशी भांडलो होतो. तालमीला उशीर झाला म्हणून चारचौघांत बोलले ते मना. मी पण माणूस हाय. घरी बसलो." त्यानं मान खाली घातली. "पण बाय, रुसलेला माणूस पाठीत नाय मारत. आमच्याकडं भांडायचं तर तोंडावर, आख्खा पाडा ऐकेल असं."

मी त्याचा कागद उलगडला. पहिली शंका तीच होती. दुसरी तीच. तिसरी वाचली आणि मी माझ्या पिशवीतला कागद काढून शेजारी धरला. दोन्हीकडं एकच वाक्य: 'मग यहूदाच्या आईनं कुणाकडं पाहावं?'

कुंपण नाही. गाव नाही. पत्रातली तिसरी शंका आम्हा दोघांच्याही कागदावर नव्हतीच.

३

"ती मी गाळली होती," फादर हळूच म्हणाले. "पहिल्या मसुद्यात होती; त्यात फक्त विषय आणि शंका होत्या, उत्तरं नाहीत. जुन्या गावांत कुणी जीव दिला तर त्याला दफनभूमीच्या बाहेर पुरायचे. अशी घरं अजून आहेत. वाटलं, कशाला जखमेवरची खपली काढा? तिच्या जागी वेगळी शंका घातली आणि मग तुमच्या प्रती केल्या."

"मसुदा कुठं गेला होता?"

"मंजुरीला. धर्माविषयीचा कार्यक्रम असला की आधी कुलसचिवांकडं, तिथून नीतिशास्त्राच्या विभागप्रमुखांकडं."

म्हणजे दोनच माणसं. कुलसचिव महिपत ठोंबरे आणि डॉक्टर निशिगंधा डाबरे. निशिगंधानं समितीला फादरांच्या बाजूनं दोन पानांचं निवेदन दिलं होतं. ठोंबरे मात्र फादरांचं नाव निघालं की चष्मा पुसायला घेत.

"या मॅडम," ठोंबऱ्यांनी खुर्ची दाखवली. "पेटी आणली नाही? बरं झालं. इथं शेजारी परीक्षा विभाग आहे."

"फादरांचं कीर्तन तुम्हाला आवडत नाही."

"अजिबात नाही. ही युनिव्हर्सिटी आहे की जत्रा? क्रेडिट सिस्टीममध्ये टाळ कुठं बसवू मी?"

"म्हणून पत्र लिहिलंत?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही. ड्रॉवर ओढून तीन कागद माझ्यापुढं आपटले. तिन्ही तक्रारी फादरांविरुद्ध: आवाज फार होतो, तास वेळेवर संपत नाही, मुलं व्हरांड्यात बसतात. खाली ठसठशीत सही.

"महिपत ठोंबरे तक्रार करतो तेव्हा खाली नाव लिहितो. निनावी पत्र म्हणजे... शी! आणि तो मसुदा मी वाचला असता तर तुमचा कार्यक्रमच झाला नसता. मी लिफाफ्यावर शिक्का मारला आणि पुढं पाठवला. चिकटवलेला होता."

माणूस खडूस होता, पण मला त्याचं पटलं. ज्याला सही करायची इतकी हौस, तो नाव लपवून जगूच शकत नाही.

मी दारापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली.

"मॅडम, परवानगी गेली तर त्यांना कुठं पाठवतील?"

"कुठंही पाठवतील. शिकवता येणार नाही एवढं नक्की."

"हं," ठोंबरे म्हणाले. आता त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "मग तक्रारी कुणाच्या करायच्या आम्ही?"

भिंतीवर घड्याळात सव्वा वाजला होता. उरलं होतं ते एकच नाव, आणि ते मला घ्यायचं नव्हतं.

४

निशिगंधाच्या खोलीत खिडकीतून खाडी दिसते. ती खाडीकडं पाठ करून बसते. पंचेचाळीस-शेहेचाळीसची असेल. विद्यार्थी तिला घाबरतात आणि तिच्याच खोलीत रडायला येतात.

"या वासंतीताई. चहा?"

"नको गं. वही गेली फादरांची."

"ऐकलं." तिनं टेबलावरची पुस्तकं सरळ केली. ती सरळच होती. "काळजी करू नका. मोन्सिनिअर न्यायी माणूस आहे."

मोन्सिनिअर म्हणजे बिशपांचे प्रतिनिधी, समितीचे अध्यक्ष, पंच्याहत्तरीचे वृद्ध धर्मगुरू. आमच्याकडं सगळे त्यांना त्याच नावानं ओळखतात.

"मसुदा तुझ्याकडं आला होता ना?"

"आला, वाचला, मंजूर केला. फाईलमध्ये आहे." ती उठली, खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा बसली. "तुम्हाला काय वाटतं, ताई? यहूदा सुटला असेल?"

"मला शास्त्र कळत नाही. आमच्यात म्हणतात, नुसतं नाव घेतलं तरी पापी तरतो. त्यानं तर येशूबरोबर एकाच ताटात हात घातला होता."

"हात..." ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "धुतले जे पाय, धुळीने माखले, हात ते थकले, म्हणे कोण." मग भानावर येऊन हसली. "असं लिहिणाऱ्या माणसाला कोण काय करणार आहे? पकडलं जायच्या रात्री येशूनं सगळ्यांचे पाय धुतले, त्यात यहूदाचेही होतेच. लोक नेमकं हेच विसरतात."

"खरं आहे," मी म्हटलं आणि उठले.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर माझे पाय थांबले. यहूदाच्या आख्यानातलं प्रत्येक पद मी वाजवलं होतं. हे मी वाजवलं नव्हतं.

मी तालमीच्या खोलीत आले. पेटीवर बोट ठेवलं, आणि ते शब्द एका साध्या अभंगाच्या चालीत म्हटले.

फादर ताडकन उठले. "हीच! कालची! ताई, कुठं सापडली वही?"

५

मी दुसऱ्यांदा तिच्या खोलीत गेले तेव्हा दार लावून घेतलं.

"निशिगंधा, त्या चार ओळी फादरांनी काल संध्याकाळी लिहिल्या. कुणाला दाखवल्या नाहीत. त्यांना स्वतःलाही आठवत नव्हत्या."

खालचा खण उघडून लाल कापडाचं गाठोडं तिनं टेबलावर ठेवलं.

"पत्रही तूच लिहिलंस. गाळलेली शंका तुझ्याकडं आलेल्या मसुद्यातच होती."

"हो."

"आणि बाजूनं निवेदनही दिलंस! अगं, काय हा खेळ?"

"खेळ नाही, ताई. दोन्ही खरं आहे." ती परत उठली. बसून तिला बोलताच येत नव्हतं. "आंबिवलीच्या पुढं आमचं गाव. माझा भाऊ, बाळ. एकोणीस वर्षांचा होता. त्यानं जीव दिला. का, ते आम्हाला अजून कळलं नाही. गावानं त्याला दफनभूमीच्या तारेबाहेर पुरलं. ना मिस्सेची प्रार्थना, ना घंटा. मी चौदा वर्षांची होते. बत्तीस वर्षं झाली. आई त्या दिवसापासून फाटकाच्या आत गेलेली नाही. पुढं बाबा गेले, त्यांना आत पुरलं. दरवर्षी मृतांच्या दिवशी सगळं गाव थडग्यांवर मेणबत्त्या लावतं आणि ती बाहेर रस्त्यावर उभी राहते. म्हणते, माझं पोर बाहेर, तर मी आत जाऊन काय करू?"

मी तिच्यासमोर खुर्ची ओढली.

"मी नीतिशास्त्र घेतलं ते यासाठीच. आणि शिकता शिकता कळलं, की बाळ गेला त्याच्या किती तरी आधी चर्चनं तो नियम काढून टाकला होता. म्हणजे माझ्या भावाला कुठल्याही नियमानं बाहेर पुरलं नव्हतं. माणसांनी पुरलं होतं." तिनं पालथ्या हातानं डोळे पुसले. "मसुद्यात ती तिसरी शंका वाचली आणि वाटलं, अखेर कुणीतरी मोठ्यानं विचारणार. मी पहिल्या रांगेत बसले होते, ताई. आईला फोन करून सांगितलं होतं, आज उत्तर मिळेल. आणि त्यांनी ती शंका विचारलीच नाही."

"म्हणून पत्र?"

"घरी गेले आणि रागानं लिहिलं. समितीपुढं तरी त्यांना बोलावं लागेल असं वाटलं. पुढं समितीनं निवेदन मागितलं, तेही मनापासून लिहिलं. मग आज पहाटेपासून चैन पडेना. आठ वाजता येऊन वही घेतली. उत्तर तरी लिहिलेलं असेल. सगळी पानं चाळली." तिनं गाठोड्यावर हात ठेवला. "नाहीये, ताई. पहिल्या दोन शंकांची उत्तरं आहेत, सुरेख आहेत. तिसरीचं नाही. त्यांच्याकडं उत्तरच नव्हतं, म्हणून त्यांनी शंका गाळली."

"तसं नसेल गं."

"मग कसं?"

घड्याळात साडेतीन झाले होते.

"वही मी नेते," मी म्हटलं. "सापडली एवढंच सांगेन. फादर सुटतील. तुझं नाव मी घेणार नाही. पण जयेशवर बोट जाईल, हे ध्यानात ठेव."

६

समिती तिघांची. मोन्सिनिअर मधे. वही त्यांच्यापुढं होती आणि ते चष्म्याच्या वरून एकेक पान वाचत होते. भिंतीशी ठोंबरे, जयेश, मी. निशिगंधा दाराशी.

"पहिल्या दोन आक्षेपांची उत्तरं इथं आहेत," मोन्सिनिअर म्हणाले. "चर्चनं यहूदा नरकात आहे असं कधी जाहीर केलेलं नाही. आशा ठेवायला बंदी नाही. शिकवणीत दोष दिसत नाही. तिसरं वाक्य वहीतही नाही आणि तुमच्या झीलकऱ्याच्या कागदावरही नाही. ते तुम्ही म्हटलंच नाही, असं धरायचं का, फादर?"

'हो' म्हटलं की संपलं.

"पण पत्र कुणी लिहिलं?" दुसरे सभासद जयेशकडं बघत म्हणाले. "शंकांचा कागद यांच्याकडं होता म्हणे."

"ओ साहेब," जयेश पुढं आला, "मी—"

"मी लिहिलं," निशिगंधा दारातून म्हणाली. "वहीही मीच नेली होती."

ठोंबऱ्यांच्या हातातलं पेन खाली पडलं. मोन्सिनिअरांनी तिला पुढं यायची खूण केली. ती आली, पण त्यांच्याकडं न वळता फादरांसमोर उभी राहिली.

"बुवा," ती म्हणाली. फादरांना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. "शंका आहे. ज्यांना गावानं कुंपणाबाहेर पुरलं, त्यांचं पाप मोठं की गावाचं? माझा भाऊ बत्तीस वर्षं बाहेर आहे. उत्तर द्या."

परवानगी हातात आली होती. नुसतं गप्प राहिलं तरी चाललं असतं. ते वहीकडं वळले, वही त्यांनी मिटली.

"गावाचं," ते म्हणाले. "आणि गावापेक्षा आमचं. आम्ही झगा घालून तिथं उभे होतो आणि तार बघत राहिलो. निशिगंधा, मी शंका गाळली कारण तिचं उत्तर गाऊन देण्यासारखं नाही. पायी जाऊन द्यायला लागतं, आणि मला जायला भीती वाटली. कुणी विचारलं असतं, इतकी वर्षं कुठं होतात, तर काय सांगणार होतो मी?" ते समितीकडं वळले. "मोन्सिनिअर, तिसरं वाक्य माझंच आहे. काय ते ठरवा."

तिघं शेजारच्या खोलीत गेले. आम्ही उभेच होतो. जयेश निशिगंधाकडं बघून पुटपुटला, "बाय, मना सांगितलं असतंत तर मी विचारली असती की शंका. रुसलोच नसतो." तिला एकदम हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही.

वीस मिनिटांनी मोन्सिनिअर बाहेर आले.

"शिकवण्याची परवानगी कायम," ते उभ्यानंच म्हणाले. "डॉक्टर डाबरेंनी वही उचलल्याबद्दल आणि निनावी लिहिल्याबद्दल फादरांची लेखी माफी मागावी. आणि फादरांना अट अशी, की अवघड वाटली म्हणून शंका यापुढं गाळायची नाही." मग ते निशिगंधाजवळ आले. "त्या गावचा त्या वेळचा धर्मगुरू आता हयात नाही. उद्या सकाळी मी येतो. तुमच्या आईला चालेल का, ते विचारा."

७

शनिवारी सकाळी आंबिवलीहून रिक्षानं आम्ही गावात पोचलो. दफनभूमी छोटी होती, कडेनं काटेरी तार, तारेबाहेर करवंदीच्या जाळीत एक मातीचा उंचवटा. गावचे आत्ताचे फादर तरणे, गोंधळलेले. "मी तेव्हा जन्मलोही नव्हतो," ते सारखं म्हणत होते, आणि म्हणता म्हणता स्वतःच पक्कड घेऊन तार कापत होते. ठोंबरे बोलावलं नसताना आले होते. त्यांनी बाह्या दुमडून दोन खांब उपटले. जयेशनं जाळी तोडली. दुपारपर्यंत तार उंचवट्याच्या पलीकडं गेली.

निशिगंधाची आई रस्त्यावर उभी होती. ऐंशीच्या घरातली, नऊवारी, हातात काठी. कुणी खुर्ची दिली तर बसेना. मोन्सिनिअर गळ्यात जांभळा पट्टा घालून फाटकापाशी गेले आणि तिच्यापुढं वाकले.

"आई, उशीर झाला. माफ करा."

ती काठी पुढं टाकून फाटकातून आत आली. वाटेत नवऱ्याचं थडगं लागलं, तिथं तिनं नुसता हात लावला आणि पुढं गेली. फादर प्रशांतांनी प्रार्थना म्हटली, न गाता, साध्या आवाजात. मोन्सिनिअरांनी मातीवर पवित्र पाणी शिंपडलं. निशिगंधानं भावाचं पूर्ण नाव उच्चारलं. गावातली पाच-सहा माणसं लांब उभी होती, ती एकेक करून जवळ आली.

सगळं झाल्यावर म्हातारी खाली बसली. कुणीतरी हात द्यायला गेलं, तो तिनं झिडकारला. ओल्या मातीवर तिनं चापट मारली, एक, दोन, जशी झोपलेल्या पोराच्या पाठीवर मारतात तशी.

"बत्तीस वर्षं उन्हात उभं केलंस मला, गधड्या," ती म्हणाली. "पाय मोडले माझे."

आणि तिथंच तिनं पाय पसरले.